कमी उंची : कारणे, उपचारांचा काळ आणि कायद्याचा आधार

शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत कायम सर्वांत पुढे उभे राहणारे मूल प्रत्येक वर्गात असते. घरचे म्हणतात, ‘बापावर गेलाय.’ शेजारी म्हणतात, ‘दहावीनंतर भरभर वाढेल.’ दोन्ही विधाने खरी ठरू शकतात. मात्र तपासणी न करता ती गृहीत धरली, तर काही मुलांच्या बाबतीत उपचारांचा मोलाचा काळ हातचा निघून जातो. उंची वाढण्याला वयाची मर्यादा असते आणि ती मर्यादा ओलांडल्यावर कोणतेही औषध उपयोगी पडत नाही. दुसरीकडे, ज्यांची उंची जन्मजात कारणांमुळे कमीच राहणार आहे, त्यांना उपचारांपेक्षा सन्मान, सोयी आणि कायद्याने दिलेले हक्क अधिक गरजेचे असतात. या दोन्ही बाजू पेडण्यासारख्या ग्रामीण तालुक्यातील पालकांना आणि प्रौढांना ठाऊक असाव्यात, यासाठी ही माहिती.

उंची वाढते कशी?

नवजात बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षात तिच्यात सुमारे २५ सेंटिमीटरची भर पडते आणि दुसऱ्या वर्षात १० ते १२ सेंटिमीटरची. त्यानंतर वेग मंदावतो. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वयात येताना पुन्हा एक मोठी झेप येते. तिच्या ऐन भरात मुली वर्षाला सुमारे ८, तर मुलगे ९ ते १० सेंटिमीटर वाढतात. मुलींची झेप मुलग्यांच्या सुमारे दोन वर्षे आधी येते. म्हणूनच सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच दिसतात आणि नववी-दहावीत चित्र पालटते.

ही वाढ लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पातळ पट्टीत होते. डॉक्टर तिला ‘ग्रोथ प्लेट’ म्हणतात. या पट्टीतील पेशी वाढत राहतात आणि त्यांचे हळूहळू हाडात रूपांतर होते. वयात येण्याच्या अखेरच्या टप्प्यात संपूर्ण पट्टीच हाड बनते आणि वाढ थांबते. मुलींमध्ये हे बहुधा १४ ते १६ आणि मुलग्यांमध्ये १६ ते १८ या वयांत घडते. मासिक पाळी सुरू झाल्यानंतर मुलीची उंची सरासरी ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. त्यामुळे मुलीच्या उंचीची चिंता पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षे उलटल्यावर करण्यात अर्थ उरत नाही. ती त्याआधी करायला हवी.

वारसा किती, परिस्थिती किती?

उंचीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के असल्याचे सांगितले जाते. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एखाद्याच्या १६० सेंटिमीटर उंचीपैकी १२८ सेंटिमीटर आईवडिलांनी दिले, असा तो अर्थ नाही. पुरेसे अन्न आणि आरोग्य लाभलेल्या समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील बहुतेक फरक जनुकांमुळे असतो, एवढेच त्यातून कळते. शेतीचे उदाहरण घेता येईल. एकाच कणगीतले बियाणे निम्मे सुपीक खेर जमिनीत आणि निम्मे कोरड्या मोरडात पेरले, तर एका शेतातील रोपारोपांतला फरक बियाण्याचा असेल. दोन शेतांतला फरक मात्र जमिनीचा आणि पाण्याचाच असेल.

उंची ठरवणारे एकच जनुक नाही. सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात उंचीशी निगडित असे १२ हजारांहून अधिक जनुकीय फरक आढळले. प्रत्येकाचा परिणाम अगदी थोडा असतो. एकाच घरातील दोन सख्ख्या भावांच्या उंचीत बराच फरक पडतो, तो यामुळेच.

परिस्थितीचा प्रभाव किती मोठा असू शकतो, हे इतिहास दाखवतो. १८९६ ते १९९६ या शंभर वर्षांत जन्मलेल्या पिढ्यांची तुलना केली असता दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची सुमारे २० सेंटिमीटरने वाढलेली आढळली. शंभर वर्षांत एखाद्या समाजाची जनुके इतकी बदलत नाहीत. बदलते ते अन्न, पाणी, स्वच्छता आणि आजारांचे प्रमाण. आज जगात सर्वांत उंच गणले जाणारे डच लोकही एकोणिसाव्या शतकात ठेंगणेच होते.

गोव्यातही माणसांची मोजमापे घेण्याचा इतिहास जुना आहे. पणजीच्या वैद्यकीय विद्यालयाशी संबंधित डॉ. जेर्मानो कोर्रैया यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सत्तरीतील राण्यांसह येथील निरनिराळ्या समाजांची शारीरिक मोजमापे प्रसिद्ध केली होती. त्या काळी अशा फरकांचा अर्थ ‘वंशा’च्या चौकटीत लावला जाई. ती चौकट आता विज्ञानाने टाकून दिली आहे. समाजासमाजांतील उंचीच्या फरकाकडे आज प्रामुख्याने पोषणाचा आणि राहणीमानाचा आरसा म्हणून पाहिले जाते.

गोव्यातील बालकांचे चित्र

या आरशात गोव्याचे चित्र समाधानकारक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) राज्यातील पाच वर्षांखालील २०.१ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण २५.८ टक्क्यांवर गेले. याच फेरीत देशाचे प्रमाण ३५.५ टक्के होते. देशाच्या तुलनेत गोवा पुढे आहे हे खरे. पण दरडोई उत्पन्नात अग्रेसर असलेल्या राज्यात चारांतील एका बालकाची वाढ खुरटावी आणि हे प्रमाण घटण्याऐवजी वाढावे, ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही.

वाढ खुरटण्याची सुरुवात पुष्कळदा जन्माआधीच होते. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे हजार दिवस निर्णायक मानले जातात. या काळात आईचा रक्तक्षय, गर्भाचे कमी वजन, सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करण्यातील दिरंगाई आणि वारंवार होणारे जुलाब या गोष्टींनी झालेले नुकसान पुढे पूर्णपणे भरून निघत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास केला. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे जन्मतः मोठी असल्याचे त्यात दिसून आले. गर्भवतीच्या ताटात पोट भरण्यापुरता भात असणे पुरेसे नाही, हा या अभ्यासाचा सरळ धडा आहे.

आपल्या भागात यासाठी परक्या वस्तूंची गरज नाही. तारली, बांगडा, अंडी, अळसांदे, कुळीथ, नाचण्याचे सत्त्व, तांबडी भाजी हे सारे पेडण्याच्या बाजारात मिळते. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, जस्त आणि पुरेशी प्रथिने यांतून मिळू शकतात. अडचण होते ती मुलांच्या डब्यात यांची जागा बिस्किटे आणि वेफर्स घेतात तेव्हा.

कमी उंची केव्हा आजार मानावी?

त्याच वयाच्या आणि लिंगाच्या शंभर मुलांना उंचीनुसार उभे केले, तर सर्वांत ठेंगण्या तीन मुलांची उंची वैद्यकीय परिभाषेत ‘कमी’ ठरते. यातील बहुतेक मुले पूर्ण निरोगी असतात. त्यांचे दोन मोठे गट आहेत. पहिल्या गटातील मुलांचे आईवडील ठेंगणे असतात आणि मूल त्यांच्याच वळणावर संथ पण नियमित वाढत असते. दुसऱ्या गटातील मुले उशिरा वयात येतात. त्यांचे वडील किंवा आईही बहुधा उशिरा वयात आलेली असतात आणि ही मुले मागाहून अपेक्षित उंची गाठतात. ‘दहावीनंतर वाढेल’ हे विधान या दुसऱ्या गटालाच लागू पडते.

उरलेल्या मुलांत मात्र मूळ कारण शोधावे लागते. थायरॉइड ग्रंथीचे मंद काम, पीयूषिका ग्रंथीतून वाढीच्या संप्रेरकाची कमतरता, गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिॲक विकार, मूत्रपिंडाचे जुने दुखणे, थॅलेसेमिया, मुडदूस आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे ही त्यांतील प्रमुख कारणे होत. सुमारे दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला टर्नर सिंड्रोम असतो. अशा मुलीत कधीकधी कमी उंची हे एकच दिसणारे लक्षण असते. म्हणून मुलीची उंची विनाकारण मागे पडत असेल, तर गुणसूत्रांची तपासणी टाळू नये. ‘मुलगीच आहे, ठेंगणी राहिली तर काय बिघडले’ या समजुतीमुळे मुलींची तपासणी उशिरा होते. हा दुजाभाव महागात पडू शकतो.

हातपाय आखूड आणि धड साधारण असे प्रमाण असेल, तर हाडांच्या विकाराची शक्यता असते. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे अकॉन्ड्रोप्लेजिया. सुमारे २५ हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. एफजीएफआर-३ या जनुकातील बदलामुळे तो होतो, हे १९९४ साली स्पष्ट झाले. अशा बाळांपैकी सुमारे ८० टक्के बाळे सरासरी उंचीच्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. त्यामुळे ग्रहण, ओलांडणे, दृष्ट किंवा आईच्या वागण्यातील कसलीही चूक यांच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. या मुलांची बुद्धी सर्वसाधारण असते. प्रौढपणी पुरुषांची सरासरी उंची १३१ आणि स्त्रियांची १२४ सेंटिमीटरच्या आसपास राहते. तान्हेपणी मानेपाशी मज्जारज्जूवर दाब येणे, झोपेत श्वास अडखळणे, वारंवार कान फुटणे आणि पुढे कण्याची दुखणी यांवर लक्ष ठेवावे लागते. अशा बाळाला आधाराशिवाय लवकर बसवू नये, असा डॉक्टरांचा सल्ला असतो.

पालकांनी घरी काय पाहावे?

एकदा मोजलेल्या उंचीपेक्षा वाढीचा वेग अधिक बोलका असतो. दर सहा महिन्यांनी, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी, मुलाला अनवाणी भिंतीला टाच, पार्श्वभाग आणि खांदे टेकवून उभे करावे. नजर सरळ ठेवून डोक्यावर सपाट फळी टेकवावी आणि खूण करावी. सकाळच्या तुलनेत सायंकाळी उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरू शकते, म्हणून वेळ पाळणे महत्त्वाचे. दोन वर्षांखालील बाळाची लांबी झोपवून मोजतात. हे काम अंगणवाडीत होते.

आईवडिलांच्या उंचीवरून मुलाच्या प्रौढ उंचीचा अंदाज बांधण्याची सोपी रीत आहे. दोघांच्या उंचीची बेरीज करावी. मुलगा असल्यास त्यात १३ मिळवावे, मुलगी असल्यास १३ वजा करावे आणि आलेल्या संख्येला दोनने भागावे. उदाहरणार्थ, वडील १६२ आणि आई १५० सेंटिमीटर असल्यास मुलाची अपेक्षित उंची १६२.५ आणि मुलीची १४९.५ सेंटिमीटर येते. प्रत्यक्ष उंची यापेक्षा सुमारे ८ सेंटिमीटर इकडेतिकडे असू शकते.

भारतीय मुलांच्या वाढीचे स्वतंत्र तक्ते उपलब्ध आहेत. पुण्याचे बाल-संप्रेरकतज्ज्ञ डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने तयार झालेले ५ ते १८ वर्षांसाठीचे तक्ते भारतीय बालरोग अकादमीने २०१५ साली स्वीकारले. पाच वर्षांखालील बालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते वापरले जातात. पुढील गोष्टी आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा :

• चौथ्या वर्षानंतर मूल वर्षाला ४ ते ५ सेंटिमीटरही वाढत नसेल.
• तक्त्यावरील मुलाची रेषा खाली घसरत असेल.
• आईवडिलांच्या मानाने मूल फारच ठेंगणे असेल.
• मुलीत १३ आणि मुलग्यात १४ वर्षांपर्यंत वयात येण्याची चिन्हे दिसत नसतील. उलट मुलीत आठव्या आणि मुलग्यात नवव्या वर्षाआधीच ती दिसू लागली असतील, तरीही सल्ला घ्यावा. अशी मुले आधी उंच दिसतात, पण त्यांची वाढ लवकर थांबते.

पेडणे तालुक्यातील पालकांना सुरुवात तुये किंवा कासारवर्णे येथील सरकारी आरोग्य केंद्रातून करता येते. तेथून पुढे म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचे गोमेकॉ हा मार्ग आहे. पहिल्या टप्प्यात रक्ताच्या काही चाचण्या आणि डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे पुरतो. या एक्स-रेवरून हाडांचे वय कळते, म्हणजेच वाढीला अजून किती वाव आहे, हे समजते.

उपचार : शक्य आणि अशक्य

कारण सापडले, तर उपचार बहुधा कारणावरच असतो. थायरॉइडची गोळी, सीलिॲक विकारात गहू वर्ज्य करणे, मुडदुसात ड जीवनसत्त्व यांनी वाढ पुन्हा रुळावर येते. वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असल्यास ते संप्रेरक इंजेक्शनने द्यावे लागते. पूर्वी ते मृत व्यक्तींच्या पीयूषिका ग्रंथींतून काढले जाई आणि त्यातून मेंदूच्या घातक आजाराची लागण झाल्याचे उघडकीस आले. १९८५ पासून ते जैवतंत्रज्ञानाने तयार होते. हा उपचार वर्षानुवर्षे, बहुधा रोज रात्री घ्यावा लागतो आणि तो खर्चिक आहे. मूल जितके लहान, तितका त्याचा लाभ अधिक. अकॉन्ड्रोप्लेजियासाठी वोसोरिटाइड या औषधाला २०२१ साली युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. तेही वाढ-पट्टी उघडी असेपर्यंतच उपयोगी पडते.

‘तीन महिन्यांत उंची वाढवा’ अशा जाहिरातींतील पावडरी, चूर्णे, बुटांतील चुंबके आणि लोंबकळण्याची साधने यांनी बंद झालेली वाढ-पट्टी उघडत नाही. सायकल, पोहणे, दोरीउड्या आणि मैदानी खेळ आरोग्यासाठी उत्तम आहेत. त्यांनी कण्याची ठेवण सुधारते, पण हाडांची लांबी जनुकांनी आखलेल्या मर्यादेपलीकडे जात नाही. शस्त्रक्रियेने पायांची हाडे लांबवता येतात. मात्र ती प्रक्रिया अनेक महिन्यांची आणि वेदनादायक असून तीत जंतुसंसर्ग आणि नसांना इजा होण्याचा धोका असतो. केवळ विवाहाच्या बाजारातील अपेक्षेपोटी ती करणे शहाणपणाचे नव्हे.

ठेंगणेपण घेऊन जगताना

मराठीत ठेंगू, बुटका, खुजा, गिड्डा असे शब्द विपुल आहेत आणि त्यांतील बहुतेक चिडवण्यासाठीच वापरले जातात. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण कौतुकाची वाटते, पण तिच्यातला ‘पण’ही बोलका आहे. लहान मूर्तीकडून फारशी अपेक्षा नव्हती, हे तो सांगून जातो. पेडण्याच्या पलीकडे, वेंगुर्ले तालुक्यातील उभादांडा हे ज्यांचे मूळ गाव, त्या सुनील गावसकर यांनी जेमतेम साडेपाच फुटांच्या उंचीवर वेस्ट इंडिजच्या उंचापुऱ्या वेगवान गोलंदाजांना तोंड दिले. सचिन तेंडुलकर यांची उंचीही तेवढीच. ही उदाहरणे प्रोत्साहक असली, तरी साडेपाच फूट ही भारतात सरासरीच्या आसपासचीच उंची आहे. खरी कसोटी लागते ती चार फुटांच्या आसपास किंवा त्याखाली.

नागपूरच्या ज्योती आमगे यांची उंची ६२.८ सेंटिमीटर आहे. १६ डिसेंबर २०११ रोजी, अठराव्या वाढदिवशी, जगातील सर्वांत ठेंगणी हयात महिला म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. पुढे त्यांनी अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत भूमिका केली. निवडणुकीत त्या नागपुरात मतदान करतात आणि इतरांनाही मतदानाचे आवाहन करतात. गुजरातचे गणेश बारैया यांची उंची सुमारे तीन फूट. गुणवत्ता असूनही त्यांना वैद्यकीय प्रवेश नाकारण्यात आला होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि ते डॉक्टर झाले. आरती डोगरा या साडेतीन फूट उंचीच्या भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी आहेत. पॅरिस येथील २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये नवदीप सिंग यांनी एफ-४१ गटात ४७.३२ मीटर भालाफेक करून सुवर्णपदक पटकावले.

प्रसिद्धी न लाभलेल्या माणसांचा झगडा रोजच्या वस्तूंशी असतो. बसची पहिली पायरी, सरकारी कार्यालयाची खिडकी, एटीएमची कळफलक-पट्टी, विजेचे बटण, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याचा नळ, सारे सरासरी माणसाच्या मापाचे असते. घरात रुंद आणि न डळमळणारे स्टूल, खाली आणलेली बटणे, पाय टेकायला पाट असलेली खुर्ची एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पाय अधांतरी लोंबकळत तासन्‌तास बसल्याने कंबर दुखते, म्हणून शाळेतील बाकाखालीही पाट हवा. वजन आटोक्यात ठेवणे सांध्यांसाठी आवश्यक असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वय विसरू नये. दहा वर्षांच्या ठेंगण्या मुलाला सहा वर्षांचे समजून कडेवर घेणे, गाल ओढणे किंवा त्याच्याकडून कमी अपेक्षा ठेवणे यांनी त्याचा आत्मविश्वास खच्ची होतो. त्याला जबाबदाऱ्या वयानुसार द्याव्यात, उंचीनुसार नव्हेत. प्रौढ व्यक्तीला तर परवानगीविना उचलणे वा तिचे छायाचित्र काढणे हा सरळ अपमान आहे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात बुटकेपणाचा समावेश आहे. वैद्यकीय किंवा जनुकीय कारणामुळे प्रौढपणी उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी राहिली असेल, तर ती व्यक्ती या व्याख्येत येते. दिव्यांगत्वाची टक्केवारी वैद्यकीय तपासणीनंतर ठरते. ती ४० टक्के वा अधिक असल्यास सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षणासाठी पात्रता मिळते. नोकऱ्यांतील एक टक्का ज्या गटासाठी आहे, त्यात बुटकेपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्र आणि देशभर चालणारे दिव्यांग ओळखपत्र यांसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत दिव्यांग व्यक्तींना मासिक अर्थसाहाय्याची तरतूद आहे.

याच कायद्याच्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कारावास आणि दंड होऊ शकतो. हे कलम फार थोड्यांना ठाऊक आहे. राज्यात दिव्यांगजन आयुक्तांचे कार्यालय असून तक्रार तेथे नेता येते. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत भरलेल्या पहिल्या पर्पल फेस्टमुळे गोव्याचे नाव देशभर गेले. त्या महोत्सवातील आपुलकी गावच्या पंचायत कार्यालयाच्या खिडकीपर्यंत आणि बसच्या पायरीपर्यंत पोहोचली, तरच तिचा उपयोग झाला असे म्हणता येईल.

वाढीच्या वयात मुलाची उंची नियमित मोजणे हे पालकांचे काम आहे. वाढ थांबल्यानंतर माणसाला बदलता येत नाही. मग त्याच्या उंचीला साजेशी खिडकी, पायरी आणि वागणूक देणे हे इतरांचे काम उरते.